रांगेतला खाडा

महिन्यातून एखादा तरी असा फोन येतो. पलीकडचा माणूस आधी मस्कतच्या उकाड्याची चौकशी करतो, मग पोरीच्या अभ्यासाची, मग घसा खाकरून मुद्द्यावर येतो. "इनासभाऊ, आमच्या मेव्हण्याला कानाखाली गाठ आलीय. तुम्हालाही तिथंच होती ना?"

होती. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात. आता तिथं खड्डा आहे आणि तोंडाची डावी बाजू कायमची झोपलेली आहे. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढ, असं सेलीन म्हणाली. सेलीन माझी बायको. ती म्हणते ते मी सहसा दुसऱ्या वर्षी करतो, त्या हिशेबानं हे लिखाण वेळेवरच आहे.

आधीच सांगतो, हिंमत वाढवणारं यात फारसं काही नाही. ज्यांना हिंमत हवी असेल त्यांनी फादरांना भेटावं, ते फार सुंदर बोलतात. मी मस्कतमधल्या रुवी भागातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीतला सुपरवायझर. डाग निघणार की नाही एवढंच सांगणं माझं काम.

फुंकगाठ

मी मूळचा वसईचा. आमच्या गावात पोरगं जरा उभं राहिलं की त्याला एक तर वाडीत पाणी लावायला पाठवतात, नाहीतर बँडमध्ये. वाडीत मी निरुपयोगी ठरलो, म्हणून हातात कॉर्नेट आला, ट्रम्पेटचा आखूड भाऊ. मस्कतला आलो तेव्हा बॅगेत कपडे, सुके बोंबील आणि कॉर्नेट एवढंच होतं. विमानतळावरच्या माणसानं बॅग उघडली, बोंबलांचा वास घेतला आणि कॉर्नेट न बघताच मला जाऊ दिलं.

इथं हॉटेलांतल्या, गॅरेजांतल्या, ऑफिसांतल्या वसईकरांनी मिळून बँड उभा केला होता. पुढे कॉर्नेट, मध्ये क्लॅरिनेट आणि युफोनियम, मागे ड्रमवाले. रस्त्यावर मिरवणूक काढता येत नाही, म्हणून चर्चच्या आवारातच फिरायचं. मेरीमाउलीच्या सणाला पार्किंगमधल्या गाड्या हलवून आवाराला तीन फेऱ्या घालायच्या. प्रत्येक फेरीत एका जागी सगळी वाद्यं थांबत. फक्त साइड ड्रमची बारीक थरथर चालू राही आणि तिच्यावर माझा एकट्याचा कॉर्नेट. तो सोलो कित्येक वर्षं माझा होता. लोक म्हणत, इनास वाजवायला लागला की एसीसुद्धा गप्प बसतात. हे लोक बहुतेक माझे नातेवाईक असत, ते सोडून द्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कानाखाली सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. मी ती आंतोन मास्तरांना दाखवली. आंतोन मास्तर आमच्या बँडचे कर्ते. पोटासाठी एका गॅरेजमध्ये फोरमन. त्यांनी ग्रीस लागलेल्या बोटांनी गाठ चाचपली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इनास, फुंकगाठ आहे ही!"

आमच्या बँडवाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या पक्की समजूत आहे. ज्याची फुंक खरी, त्याच्या गालात हवा साचते आणि तिची गाठ बनते. ती सगळ्यांना होत नाही. मास्तरांच्या वडलांना होती म्हणे. आणि वडलांच्या गुरूंना दोन.

"दोन?"

"दोन. दोन्ही बाजूंना. पण तो माणूसच वेगळा."

मी ती गाठ वर्षभर मिरवली. फोटो काढताना डावा गाल पुढे करू लागलो. दुसरा कॉर्नेट वाजवणारा बस्त्याव, माझ्याच वयाचा, एका कंपनीत स्टोअरकीपर, तो तर प्रॅक्टिसच्या आधी गाडीच्या आरशात स्वतःचे गाल दाबून बघायचा. "माझ्यात काय कमी आहे रे?" असं मला अगदी काकुळतीनं विचारायचा. मी म्हणायचो, "होईल, होईल. फुंकत राहा." देव मला माफ करो, मला त्याची दया यायची.

सेलीन एकटीच म्हणत होती, "गाठ ती गाठ. दाखवून घे." मी तिला सांगितलं की हे बायकांना कळण्यातलं नाही. मग एका सकाळी चहा पिताना तो डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला, आणि मला कळलंही नाही. तिनं पुसला. त्याच दिवशी मला घेऊन डॉक्टरकडे गेली.

तो दिवस

डॉक्टर सुदानचे होते. उंच, शांत, मऊ आवाजाचे. पहिल्या भेटीत म्हणाले, "गाल फुगवा." आता मला कोणी गाल फुगवायला सांगणं म्हणजे कोळ्याला पोहून दाखव म्हणण्यासारखं. मी छाती भरून घेतली आणि फुगवले. डावीकडून हवा फुस्सकन निघून गेली. डॉक्टर हसले नाहीत.

सुईची तपासणी झाली, रिपोर्ट आला. कॅन्सर हा शब्द त्यांनी आधी इंग्रजीत उच्चारला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून मोडक्या हिंदीत. दोन्हीकडे तो सारखाच आहे.

"गाठ काढावी लागेल," ते म्हणाले. "पण चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. मी वाचवायचा प्रयत्न करीन. नाही वाचली तर ही बाजू हलणार नाही. तुम्ही काम काय करता?"

"लाँड्रीत आहे."

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "अल्हम्दुलिल्ला. म्हणजे कामाला चेहरा लागत नाही."

तेव्हा सेलीननं, जी सबंध वेळ पर्सचा पट्टा पिळत बसली होती, हवेत कळा दाबल्यासारखी तीन बोटं नाचवून दाखवली. "डॉक्टरसाब, ये कॉर्नेट बजाता है."

डॉक्टरांनी तिच्या बोटांकडे बघितलं. मग मला विचारलं, "पोटासाठी?"

"नाही."

"मग... इन्शाल्ला."

आखातात राहिलेल्या माणसाला इन्शाल्लाचे सगळे प्रकार ओळखता येतात. हा त्यातला कामगारानं रजा मागितल्यावर अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो तो होता.

बाहेर गाडीत बसल्यावर सेलीन म्हणाली, "बोल काहीतरी. कसला विचार करतोयस?"

"सणाला अजून चार महिने आहेत ना?"

तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "देवा, याची गाठ डोक्यात झाली असती तरी चाललं असतं. तिथं जागाही रिकामी होती." आणि मग आम्ही दोघं हसलो. माझं पूर्ण तोंडानं हसणं ते जवळजवळ शेवटचं.

वॉर्डातले दिवस

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काम केलं ते ओठ आवळण्याचं, कॉर्नेटला लावतात तसे. उजवी बाजू लगेच उठली. डावी पडूनच राहिली. मी पुन्हा प्रयत्न केला. माझ्या मनात काय चाललंय ते सिस्टर लीलाम्माला कळणं शक्य नव्हतं. केरळची ती बाई म्हणाली, "पेन है क्या, अंकल? मुँह मत हिलाओ."

संध्याकाळी डॉक्टर आले. खुर्ची ओढून बसले. डॉक्टर बसला की समजावं, उभ्यानं सांगण्यासारखी बातमी नाही. "नस गाठीच्या आतच होती," ते म्हणाले. "ठेवली असती तर रोगही ठेवावा लागला असता."

मी मान हलवली. ते बरोबरच होतं. ज्यांना हे ऑपरेशन करायचं आहे त्यांना सांगतो, डॉक्टरांनी निवडलं ते मीही निवडलं असतं. फक्त मला कोणी विचारल्यासारखं वाटलं नाही.

इस्पितळाचा दिवस लवकर सुरू होतो आणि मग कुठेच जात नाही. ताप, रक्तदाब, गोळ्या, मिटत नसलेल्या डोळ्यात थेंब, निजताना पापणीवर चिकटपट्टी. राउंड आला की सगळे नीट बसतात, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे. मला पेज मिळायची. अर्धी पोटात जायची, अर्धी शर्टवर. लाँड्रीच्या माणसाला स्वतःच्या शर्टाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शेजारच्या खाटेवर खाबुऱ्याचे एक म्हातारे ओमानी होते, पोटाचं काही ऑपरेशन झालेले. त्यांना भेटायला अख्खं गाव यायचं, खजुरांची भांडी आणि काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन. म्हाताऱ्यांची एकच शिस्त. वॉर्डात कोणाचीही ओळख असो वा नसो, पहिला कप शेजाऱ्याला. मी नको म्हणायचो, कारण काहवा ओघळायचा. त्यांना वाटायचं मी भिडस्त आहे. एकदा त्यांनी स्वतः उठून कप माझ्या तोंडाला लावला. व्हायचं तेच झालं. त्यांनी आपल्या मुसरचं, म्हणजे डोक्याच्या कापडाचं टोक सोडलं आणि माझी हनुवटी पुसली. मग माझ्या गालाकडे बोट करून विचारलं, "खलास?"

"खलास," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, दुसरा खजूर घेतला, बी काढली आणि तो माझ्या उजव्या गालात सरकवला. हाल सोसतानाच्या त्या सगळ्या महिन्यांत मला खरी बातमी खऱ्यासारखी देऊन-घेऊन गप्प बसलेला माणूस तो एकच. बाकी सगळे म्हणत होते, होईल बरं.

घरी

मग मुंबईला जाऊन दीड महिना रेडिएशनचा शेक घेतला. त्याबद्दल एवढंच सांगतो की तोंड कोरडं पडतं, भाकरी वाळूसारखी लागते, आणि नातेवाईक फार प्रेमानं येऊन बसतात. आमची ग्लेनिस तेव्हा नववीत होती. ती मस्कतमध्ये आंतोन मास्तरांच्या घरी राहिली. परत आलो तेव्हा विमानतळावर ती धावत आली आणि दोन पावलांवर थांबली.

काही आठवड्यांनी तिनंच एकदा सांगितलं. तिचं मराठी अडखळतं, आणि खोटं बोलण्याइतकं ते कधीच चांगलं नव्हतं. "डॅडी, तू हसतोस ना, तेव्हा आय डोंट नो कुठल्या साइडला बघायचं."

"उजव्या," मी म्हणालो. "डावी साइड रजेवर आहे."

ती उजवीकडे बघून हसली. पण मैत्रिणींना घरी बोलावणं तिनं बंद केलं होतं, ते मला दिसत होतं आणि आपल्याला दिसतंय हे मी दिसू देत नव्हतो. घरात सगळे एकमेकांशी फार चांगले वागू लागले होते. आमच्याकडे ही वाईट खूण आहे.

मी कॉर्नेट पुन्हा काढला. न्हाणीघरात दार लावून प्रयत्न करायचो. डावा ओठ बोटानं धरून बघितला. चिकटपट्टीनं बांधून बघितला. लाँड्रीतून कपड्यांचा चिमटा आणून तोही लावून बघितला. हसायचं असेल तर हसा, आरशात मीही हसलो, उजव्या बाजूनं. सूर येत नव्हता. फुस्स यायचं, सायकलच्या ट्यूबमधून येतं तसं.

एके दिवशी सेलीननं दार ठोठावलं. उघडलं तेव्हा चिमटा अजून ओठालाच होता. ती हसली नाही.

"ठेव ते खाली."

"सणापर्यंत जमेल."

"एक सण होऊन गेला, इनास. तू मुंबईत होतास."

"पुढच्या सणापर्यंत."

"तुझी मरणाची मिस्सा सांगावी लागते की काय, अशा धास्तीनं मी तिथं बसून होते," ती म्हणाली. "रोज तुझ्या डोळ्यात थेंब घालते. तू जिवंत आहेस. तेवढं तुला पुरत नाही?"

यावर चांगलं उत्तर कोणतं ते मला माहीत होतं. पण त्या बाईशी खोटं बोलून मला आजवर कधीच काही मिळालेलं नाही.

"नाही पुरत," मी म्हणालो.

तिनं माझ्या ओठाचा चिमटा काढला, खिडकीतल्या दोरीवरच्या माझ्या बनियनला लावला आणि स्वयंपाकघरात गेली. तीन दिवस आम्ही मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो.

आंतोन मास्तर मला दर गुरुवारी संध्याकाळी शहराबाहेरच्या एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, घेऊन जायचे. तिथं डोंगर, दगड आणि कोणाच्या तरी बकऱ्या. माउथपीस उजव्या कोपऱ्यात सरकवून वाजवायचं, असं त्यांनी ठरवलं. महिनोन्‌महिने केलं. एकदा एक सूर आलाही, खालचा, फाटका. पलीकडून एका बकरीनं उत्तर दिलं. मास्तर म्हणाले, "बघ, आला!" मी म्हणालो, "मास्तर, तिचा जास्त चांगला आला."

तो सूरसुद्धा पुन्हा आला नाही. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझा गाल दोन्ही हातांत धरून निरखला. रोग परत आला नव्हता. "हालचाल परत यायची तर आतापर्यंत यायला हवी होती," ते म्हणाले, आणि या वेळी इन्शाल्ला म्हणाले नाहीत.

सत्कार

सणाच्या आधी मास्तर घरी आले. चहा संपला तरी कप हातातच धरून बसले. शेवटी म्हणाले, "इनास, बँडनं ठरवलंय. या सणाला तुझा सत्कार करायचा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? तुझ्यासारखा सोलो इथं कोणी वाजवला नाही."

"मग वाजवल्यावर करा. येईल फुंक."

मास्तरांनी खाली बघितलं. मागच्या बाजूनं सेलीननं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला कळलं की वादीत जायचे ते सगळे गुरुवार मास्तर माझ्यासाठी येत होते, सुरासाठी नाही. सत्काराला हो म्हणणं म्हणजे कॉर्नेटला नाही म्हणणं होतं. मी हो म्हणालो.

सणाच्या संध्याकाळी चर्चच्या आवारात मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीत राहणारे मराठी मंडळाचे एक साहेब खास आले होते. त्यांनी शाल घातली, नारळ दिला. त्या उकाड्यात शाल म्हणजे सत्कार की शेक, हा प्रश्नच होता. भाषणात मला दोनदा 'अपंग असूनही' म्हटलं गेलं. मी कॉर्नेट वाजवत होतो तेव्हा अपंग नव्हतो आणि अपंग झाल्यावर वाजवलेला नाही, पण भाषणात एवढं कोण बघतं? लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मग बँड निघाला. पहिली चौघांची रांग माझ्यासमोर आली आणि मला दिसलं. तिघेच होते. उजवं टोक मोकळं. त्या मोकळ्या जागेच्या बाजूनं बस्त्याव चालत होता, अंतर राखून, नजर समोर.

आमच्या गावची रीत आहे, मास्तरांनी ती इथंही पाळली होती. बँडमधला माणूस वारला की वर्षभर रांगेत त्याचा खाडा ठेवतात. त्याची जागा भरत नाहीत आणि त्याचा भाग कोणी वाजवत नाही. आम्हा वसईकरांकडे बँडवाल्याला यापेक्षा मोठा मान नाही. मोठा मान द्यायचा म्हणून बिचाऱ्यांनी तोच दिला.

सोलोची जागा आली. सगळी वाद्यं थांबली. साइड ड्रमची थरथर तेवढी चालू राहिली आणि तिच्यावर काहीच नाही. नुसती थरथर. रीत माहीत असलेल्या म्हाताऱ्या बायकांनी क्रूसाची खूण केली. मी शाल पांघरून बसून स्वतःचं मौन ऐकत होतो.

"डॅडी," ग्लेनिस कुजबुजली, "सोलो कोणीच का नाही वाजवत?"

मी तिला रीत सांगितली.

"पण तू तर इकडे बसलायस!"

दुसऱ्या फेरीला बँड समोर आला तेव्हा मी उठलो. शाल सेलीनच्या मांडीवर टाकली आणि रांगेत शिरलो, माझ्याच जागेवर. लोकांना वाटलं, आता काहीतरी चमत्कार होणार. टाळ्या सुरू झाल्या. मी पाय मिळवला आणि बस्त्यावची बाही धरून त्याला माझ्याकडे ओढलं.

"इकडे ये. ही जागा घे."

"तुझी आहे," तो समोर बघतच म्हणाला.

"खाडा मेलेल्याचा ठेवतात, गाढवा. मी मेलो का?"

"मास्तरांनी सांगितलंय..."

"मास्तरांना मी बघतो. सोलो येतोय. वाजव."

"इनास, मला तुझ्यासारखा येत नाही."

"ते सगळ्यांना माहीत आहे. वाजव!"

मी रांगेतून बाहेर आलो. तो एक पाऊल सरकला आणि रांग मिटली. वाद्यं थांबली, ड्रम थरथरले आणि बस्त्यावनं कॉर्नेट उचलला. वरच्या सुराला तो चिरकला. माझ्या आतलं काहीतरी नीच खूश झालं, लपवत नाही. आंतोन मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चालू द्या.

तिसऱ्या फेरीला तो चिरकला नाही. सूर वर गेला, टिकला, आवाराच्या भिंतीवरून पलीकडे रस्त्यावर गेला. मला वाटलं होतं की असं काही केल्यावर माणसाला मोठं वाटत असेल. तसं काही वाटलं नाही. एक गोष्ट संपली एवढंच कळलं, आणि ती आपण स्वतः संपवली म्हणून दुःखात काही सूट मिळत नाही, हेही.

बाजूला एक गृहस्थ उभे होते, मस्कतमध्ये नवे असावेत. त्यांना सत्कारही माहीत नव्हता, मीही. सोलो संपला तसे ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय वाजवतो हो! कोण हा?"

"आमचा पहिला कॉर्नेट," मी म्हणालो.

'प' म्हणताना ओठ मिटावे लागतात आणि माझे मिटत नाहीत. त्यांना कळलं नाही. ते कान पुढे करून जवळ आले. मी हातानं डावा ओठ वर धरला आणि त्यांना पुन्हा एकदा, स्पष्ट, सांगितलं.